सभेचे भय आणि व्यापाऱ्याची वाणी

जो बोलतो त्याची बोरे विकली जातात, अशी गुजरातेत एक म्हण आहे. सुरतेत येऊन राहिलेल्या आपणां मराठी भाषकांच्याही ती आता तोंडी बसली आहे. तेव्हा व्यापाऱ्याला बोलावयास शिकविण्याची गरज ती कोणती, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. गादीवर बसलेला व्यापारी गिऱ्हाइकाच्या मुद्रेवरून त्याचे मन ओळखतो, तक्रार घेऊन आलेल्यास समाधानाने परत पाठवितो, आणि दलालाचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच भाव कोठे येऊन थांबणार हे जाणतो. परंतु त्याच गृहस्थास सभेत उभे राहून चार शब्द बोलावे अशी विनंती होताच त्याचा घसा कोरडा पडतो, हातातील कागद थरथरू लागतो, आणि तोंडपाठ असलेला हिशेबही त्याला आठवेनासा होतो. हा अनुभव नसलेला मनुष्य आपल्या बाजारात विरळाच.

याचे एक कारण आपल्या धंद्याच्या जुन्या रीतीत आहे. व्यापार हा बहुधा दोघांतिघांत चालणारा संवाद होय. पूर्वी अनेक बाजारांतून हत्ता पद्धतीने सौदे होत. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे आणि एक शब्दही उच्चारावा लागत नसे. हिऱ्याची पुडी उलगडून खरीददारापुढे ठेवली, अथवा कापडाचा ताका उघडून टाकला, की माल स्वतःच बोलतो. आता काळ पालटला आहे. कर्ज हवे असेल तर बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे योजना मांडावी लागते. परदेशचे खरीददार पडद्यावर आकडे पाहू इच्छितात. करासंबंधीचे गाऱ्हाणे असेल तर शासनाच्या समितीपुढे ते मुद्देसूद सांगावे लागते. पेढीतील मुलास, तसेच आता कारभार पाहू लागलेल्या मुलीस वा सुनेस, हे सादरीकरण चुकविता येत नाही. यास्तव सभेच्या भयाचा विचार हा हौसेचा विषय राहिलेला नसून पेढीच्या गरजेचा विषय झाला आहे.

एक स्वानुभव

प्रस्तुत लेखक या विषयावर अधिकाराने लिहीत नाही, अपराधी म्हणून लिहीत आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका व्यापारी सभेत परत येणाऱ्या मालासंबंधी नियम ठरावयाचा होता. गावोगावचे दुकानदार न खपलेला माल कित्येक महिन्यांनी परत पाठवीत आणि त्याचा भार लहान व्यापाऱ्यांवर पडे. आमच्या ओळीतील सात-आठ लहान दुकानदारांनी आपले हिशेब माझ्या हाती दिले होते, कारण मी शिकलेला होतो. माझे नाव पुकारले गेले. मी उभा राहिलो. पहिल्या रांगेतील मोठ्या शेठांकडे दृष्टी गेली आणि जीभ टाळ्यास चिकटली. "या विषयाचा विचार व्हावा" एवढे एक वाक्य कसेबसे बोलून मी खाली बसलो. ठराव दुसऱ्या बाजूने संमत झाला.

सभा संपल्यावर त्यांपैकी एक वयस्क दुकानदार जिन्याशी भेटले. ते रागावले नाहीत. "भाऊ, आमचे कागद तुमच्याजवळच होते ना?" एवढेच त्यांनी विचारले. तोपर्यंत मला माझ्याच फजितीची लाज वाटत होती. त्या प्रश्नाने ध्यानी आले की, माझी फजिती ही यातील क्षुल्लक गोष्ट होती. नुकसान दुसऱ्यांचे झाले होते. मौनाची किंमत पुष्कळदा बोलणारा देत नसतो, ज्यांच्यासाठी त्याने बोलावयाचे ते देत असतात.

शरीरात काय घडते

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, सभेचे भय हा स्वभावदोष नव्हे, दुबळेपणा तर नव्हेच. संकट दिसताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रिनलीन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. त्यामुळे हृदय जलद चालते, श्वास वाढतो, स्नायूंकडे रक्ताचा पुरवठा अधिक होतो आणि तोंडास कोरड पडते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अवस्थेचे विवेचन केले आहे. लढावे अथवा पळावे, यांपैकी एका गोष्टीसाठी शरीर सिद्ध होते. वाघ समोर आला असता ही सिद्धता प्राण वाचविते. सभेत मात्र लढावयाचेही नसते आणि पळावयाचेही नसते. एका जागी उभे राहून शांतपणे आकडे सांगावयाचे असतात. शरीराने उभी केलेली शक्ती खर्च व्हावयास वाव मिळत नाही, म्हणून ती हातापायांच्या कंपात दिसते.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. आपले भय सर्व सभेला दिसत आहे, अशी बोलणाऱ्याची खात्री असते. केनेथ सॅवित्स्की आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, वक्त्याला आपण जितके घाबरलेले दिसतो असे वाटते, तितका तो श्रोत्यांना घाबरलेला दिसत नाही. एवढेच नव्हे, तर ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली होती त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. आतील वादळ बाहेर फार थोडे दिसते, हे नुसते ज्ञानसुद्धा औषधाचे काम करते.

एका बॅरिस्टराची फजिती

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. ते महात्मा गांधींचे होय. पुढे ज्यांचा शब्द ऐकण्यासाठी लक्षावधी लोक जमत, त्यांना तरुणपणी दहा माणसांपुढेही बोलता येत नसे. आत्मकथेत त्यांनी हे स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करीत असता ते तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. एका सभासदास त्याच्या मतांबद्दल मंडळातून काढून टाकण्याचा प्रश्न निघाला. हे अन्यायाचे आहे असे गांधींना वाटत होते. परंतु बोलण्याचे धैर्य होईना, म्हणून त्यांनी आपले मत लिहून नेले. ते वाचण्याचेही धैर्य झाले नाही. दुसऱ्याने ते वाचले. त्या सभासदाची बाजू पडली. पुढे व्हेंटनर या गावी शाकाहाराच्या सभेत त्यांना बोलावणे आले. भाषण जेमतेम एका कागदाचे होते. ते उभे राहिले, तो डोळ्यांपुढील अक्षरे दिसेनाशी झाली, आणि सोबत असलेल्या मजमुदार यांना ते वाचावे लागले.

जून १८९१ मध्ये भारतात परत येण्यापूर्वी त्यांनी हॉबर्न उपाहारगृहात मित्रांना निरोपाचे भोजन दिले. त्या प्रसंगी एक विनोदी भाषण करावयाचे त्यांनी योजिले होते. आत्मकथेत ते लिहितात की, पहिल्या वाक्यापुढे आपण जाऊच शकलो नाही. पाहुण्यांचे आभार मानून आपण खाली बसलो. आता याच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवून पाहावा. लंडनच्या 'दि व्हेजिटेरियन' या साप्ताहिकाने त्याच महिन्यात या भोजनाचा वृत्तांत छापला. त्यात गांधींचे भाषण किंचित बावरलेले, परंतु मोठे शालीन होते, असा अभिप्राय आहे, आणि मंडळाशी आपला संबंध कसा जडला इत्यादी जे मुद्दे त्यांनी सांगितले तेही दिले आहेत. म्हणजे वक्त्याच्या स्मरणात केवळ फजिती राहिली, आणि श्रोत्याच्या टिपणात भाषण राहिले. २००३ सालच्या अभ्यासाचा निष्कर्ष एकशे बारा वर्षांपूर्वीच्या या वृत्तांतात जणू आधीच लिहिलेला आहे.

तथापि सर्वच फजिती काल्पनिक असते असे नव्हे. मुंबईस परतल्यावर स्मॉल कॉज कोर्टात त्यांना ममीबाईंचा खटला मिळाला. फी तीस रुपये होती. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करावयास ते उभे राहिले, परंतु डोके गरगरू लागले आणि विचारावयास एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि काम दुसऱ्या वकिलाकडे द्यावे असे त्यांनी सांगितले. पटेल नावाच्या त्या वकिलाने एक्कावन्न रुपये घेऊन ते काम केले.

प्रिटोरियातील व्यापाऱ्यांची सभा

यानंतर फार काळ लोटला नाही. १८९३ साली दादा अब्दुल्ला या पोरबंदरकडील व्यापाऱ्याच्या पेढीच्या दाव्यासाठी गांधी दक्षिण आफ्रिकेस गेले. प्रिटोरिया येथे पोहोचल्यावर त्यांनी तेथील हिंदी रहिवाशांची एक सभा भरविली. शेठ हाजी महंमद हाजी जुसब यांच्या घरी ती झाली. जमलेले लोक बहुतांशी मेमण व्यापारी होते. काही थोडे हिंदूही होते. येथे गांधी बोलले, आणि नीट बोलले. आपल्या आयुष्यातील पहिले सार्वजनिक भाषण असा त्यांनी त्याचा उल्लेख केला आहे.

त्या भाषणाचा विषय कोणता होता? व्यापारातील सत्य. व्यापारात सत्य चालत नाही, तो व्यवहार वेगळा आणि धर्म वेगळा, असे व्यापारी म्हणत आलेले गांधींनी ऐकले होते. त्यांनी व्यापाऱ्यांच्याच सभेत, व्यापाऱ्याच्याच घरी उभे राहून याचा प्रतिवाद केला. परदेशात आपली जबाबदारी दुप्पट आहे, कारण येथील मूठभर लोकांच्या वर्तनावरून कोट्यवधी देशबांधवांचे मोल केले जाते, असे त्यांनी सांगितले. राहणीतील अस्वच्छतेकडेही लक्ष वेधले. आपली गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी एक मंडळ असावे असे सुचविले, आणि त्या कामी आपला वेळ देऊ केला. कोणास इंग्रजी शिकावयाचे असल्यास शिकविण्याचीही तयारी दाखविली. तिघे जण शिकू लागले: एक न्हावी, एक कारकून आणि एक लहान दुकानदार.

तोच मनुष्य, तीच जीभ. मग फरक कशाने पडला? आमच्या मते कारणे तीन आहेत. पहिले, विषयाची तयारी होती. आपण पुरेशी तयारी करून गेलो होतो असे ते स्वतः सांगतात. दुसरे, श्रोते कोण आणि त्यांचे दुःख कोणते हे त्यांना ठाऊक होते. हॉबर्नच्या भोजनात विनोद करून दाखवावयाचा होता, कोर्टात हुशारी सिद्ध करावयाची होती. दोन्हीकडे मनाची दृष्टी 'मी कसा दिसतो' याकडे होती. प्रिटोरियात ती दृष्टी 'यांचे कसे होईल' याकडे वळली. तिसरे, ते रिकाम्या हातांनी गेले नव्हते. ते आपला वेळ आणि सेवा देऊ करीत होते. मागणाऱ्याचा आवाज कापतो, देणाऱ्याचा कमी कापतो, हे आपण व्यापाऱ्यांनी तरी सहज समजावे.

भय पुन्हा येते

येथेच कथा संपविली तर ती गोड होईल, परंतु अपुरी ठरेल. २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या प्रश्नावर सभा झाली. सर फिरोजशहा मेहता यांनी गांधींना भाषण लिहून आणण्यास आधीच बजाविले होते, आणि ते छापूनही घेतले होते. सभागृह भरलेले होते. प्रिटोरियाची सभा होऊन तीन वर्षे झाली होती, नाताळमध्ये मोठे कार्य उभे राहिले होते. तरीही गांधी उभे राहताच त्यांना कंप सुटला. मोठ्याने बोला, असे सर फिरोजशहा सांगत राहिले, तो आवाज अधिकच खाली गेला. तेव्हा स्नेही केशवराव देशपांडे यांनी कागद हाती घेतला. परंतु श्रोत्यांनी दिनशा वाच्छा यांच्या नावाचा पुकारा केला, आणि वाच्छांनी भाषण वाचले. सभा शांत झाली आणि विषय सर्वांपर्यंत पोहोचला.

यातील बोध दुहेरी आहे. भय एकदा जिंकले की कायमचे गेले, अशी अपेक्षा धरू नये. नवी जागा, मोठी सभा, थोर माणसे दिसली की ते परत येते. परंतु भाषण लिहिलेले होते म्हणून काम अडले नाही. भय हे पावसासारखे आहे. तो थांबविणे आपल्या हाती नाही, छत्री बरोबर घेणे आपल्या हाती आहे.

पेढीवर आचरावयाचे नियम

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक नियम निघतात. ते नव्याने कारभार पाहणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

एक: ज्या मालाची आपणांस पारख नाही तो जसा आपण विकावयास घेत नाही, तसा जो विषय आपण तपासलेला नाही त्यावर बोलू नये. आकडे स्वतः मेळवून पाहावे. मुनिमाने करून दिलेला तक्ता जसाच्या तसा वाचणाऱ्याची पहिल्याच प्रश्नाला भंबेरी उडते.

दोन: बोलण्यापूर्वी एका कागदावर दोन ओळी लिहाव्या. हे ऐकून श्रोत्यांचा कोणता फायदा होणार, आणि त्यांनी कोणती गोष्ट करावी अशी माझी इच्छा आहे? या दोन ओळी लिहिता येत नसतील, तर भाषणाची वेळ अद्याप आलेली नाही.

तीन: पहिले आणि शेवटचे वाक्य तोंडपाठ करावे, मधला मजकूर मुद्द्यांनी लक्षात ठेवावा. संपूर्ण भाषण पाठ केले तर एक शब्द निसटताच सारी माळ तुटते. महत्त्वाचे आकडे मात्र मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून जवळ असावे. कागद पाहण्यात कमीपणा नाही. चुकीचा आकडा सांगण्यात आहे.

चार: उभे राहण्यापूर्वी सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहूनही सावकाश सोडावा, असे आठ-दहा वेळा करावे. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, हा शरीराचा धर्म आहे. कायोत्सर्गात श्वासोच्छ्वास मोजण्याची सवय ज्यांना घरीच लागली आहे, त्यांना हे शिकविणे नको.

पाच: भिंतीवर वा छतावर पाहून बोलू नये. गादीवर आपण एका गिऱ्हाइकाशी बोलतो, तसेच सभेत एका माणसाकडे पाहून एक वाक्य पूर्ण करावे, मग दुसऱ्याकडे वळावे. शंभर माणसांची सभा ही शंभर गिऱ्हाइके आहेत, आणि गिऱ्हाइकाशी बोलणे आपणांस येतेच.

सहा: पडद्यावर तक्ते दाखवावयाचे असल्यास ते थोडे असावे. पडद्यावर लिहिलेलेच वाचून दाखविणारा श्रोत्यांकडे पाठ फिरवितो. शिवाय वीज गेली किंवा यंत्र रुसले तरी पाच मिनिटांत मुख्य गोष्ट सांगता येईल, एवढी सिद्धता असावी.

सात: उत्तर ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि केव्हा कळवू तो दिवस सांगावा. अंदाजाने दिलेले उत्तर भयातूनच जन्मास येते, आणि पुढे अधिक भय उत्पन्न करते.

आठ: सराव लहान सभेपासून करावा. प्रिटोरियाची पहिली सभा एका घरात झाली, आणि पुढेही अशा बैठका वारंवार होत राहिल्या. त्यामुळे थोड्याच काळात गांधींना तेथील प्रत्येक हिंदी मनुष्य ओळखीचा झाला. आपल्या घरी आठवड्यातून एकदा जेवणानंतर एकाने उभे राहून पेढीच्या एखाद्या प्रश्नावर पाच मिनिटे बोलावे. घरातील लहानांनी प्रश्न विचारावे. यापेक्षा स्वस्त शाळा नाही.

श्रोत्यांचेही कर्तव्य

आतापर्यंत बोलणाऱ्यासंबंधी लिहिले. शेवटी ऐकणाऱ्यासंबंधी लिहिणे प्राप्त आहे. १८९६ च्या त्या सभेत देशपांडे आणि वाच्छा नसते, तर भाषण कागदावरच राहिले असते. नवखा मनुष्य अडखळला की मागील रांगेत हसू पिकते. ते हसणारे बहुधा स्वतः कधीच बोलावयास उभे राहिलेले नसतात. एका हशाने एक तरुण वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि त्याच्याजवळची माहिती बाजारास मिळत नाही. अध्यक्षांनी नवख्यास पुरेसा वेळ द्यावा, वडीलधाऱ्यांनी त्याच्याकडे पाहून मान डोलवावी, आणि तो अडकलाच तर त्याचा कागद हाती घेऊन वाचण्यास कोणीतरी पुढे यावे. आपल्या संस्थांच्या वार्षिक सभेत पहिली पंधरा मिनिटे जे पूर्वी कधी बोलले नाहीत अशांसाठी राखून ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

प्रस्तुत लेखकाने पुढील वर्षी त्याच सभेत तेच हिशेब कागदावर उतरवून वाचून दाखविले. आवाज कापत होता, आणि कागद दोन्ही हातांनी धरावा लागला. ठराव बदलला नाही. फेरविचारासाठी समिती मात्र नेमली गेली. जिन्याशी भेटलेले ते दुकानदार त्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसले होते. मी सारा वेळ त्यांच्याकडेच पाहून वाचत होतो.

१९३० च्या एप्रिल महिन्याच्या आरंभी दांडीस जाणारे गांधी आपल्या या सुरत शहरातून गेले, आणि येथे जमलेल्या प्रचंड समुदायापुढे बोलले. लंडनमध्ये एक कागद वाचता न आलेला तरुण आणि हा साठ वर्षांचा वृद्ध, यांच्यामध्ये काही जादू घडलेली नव्हती. मध्ये होती प्रिटोरियाच्या एका व्यापाऱ्याच्या घरातील बैठक, आणि आपणांजवळ जे आहे ते समोरच्यांच्या उपयोगी पडावे ही तळमळ. ती बैठक आपल्या कोणाच्याही घरी भरू शकते.